पंचवीस लाख पानांचे दप्तर : हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या खुल्या नोंदींचे परीक्षण

पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी हेग येथे नेमलेले आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण 31 डिसेंबर 2017 रोजी बंद झाले, पण त्याचे दप्तर उघडे राहिले. आरोपपत्रे, निकालपत्रे, साक्षींचे शब्दशः उतारे, नकाशे, छायाचित्रे आणि सुनावणीच्या चित्रफिती, यांपैकी जे जे गोपनीय ठरवलेले नाही ते सर्व, न्यायाधिकरणाचे उरलेले काम सांभाळणाऱ्या ‘अवशिष्ट यंत्रणे’च्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. न्यायाधिकरणाचे जुने संकेतस्थळही वाचण्यापुरते चालू आहे. या दोहोंचा मिळून एक सार्वजनिक सेवा म्हणून विचार करावा, असा या परीक्षणाचा हेतू आहे. तो करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, ही सेवा सामान्य वाचकाला वापरता येते का. आणि दुसरा, ती ज्यासाठी उभी केली ते काम तिने केले का. 25 मे 1993 रोजी ठराव क्रमांक 827 संमत करताना सुरक्षा परिषदेने असा विश्वास व्यक्त केला होता की, गुन्हेगारांवर खटले चालवल्याने शांतता परत येण्यास आणि ती टिकण्यास हातभार लागेल. म्हणजे शांततेचे आश्वासन या सेवेच्या सनदेतच लिहिलेले आहे, आणि त्याच मापाने तिला मोजणे अन्यायाचे ठरू नये.

आधी दप्तराचा आवाका पाहू. एकूण 161 जणांवर आरोप ठेवले गेले, आणि 2011 च्या जुलैत शेवटचा फरारी पकडला गेल्यावर त्यांपैकी एकही मोकळा उरला नाही. सुनावणीचे दिवस सुमारे 10,800, साक्षीदार सुमारे 4,650 आणि उताऱ्यांची पाने जवळजवळ 25 लाख. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकाला जी दडपण आणणारी श्रीमंती जाणवते, तीच येथे पडद्यावर जाणवते. फरक इतकाच की येथे मोडी शिकावी लागत नाही. खटल्याचे नाव, कागदाचा प्रकार, तारीख आणि भाषा यांवरून शोध घेता येतो. मात्र ज्याला खटल्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे हाल होतात. गावाचे नाव टाकून शोधल्यास शेकडो अर्ज, आदेश आणि मुदतवाढीच्या विनंत्या समोर येतात आणि ज्या एका साक्षीसाठी शोध घेतला ती त्यांच्या तळाशी दबलेली असते. जुन्या संकेतस्थळावरील प्रत्येक खटल्याचे संक्षिप्त माहितीपत्रक हाच त्यावरचा खरा उतारा आहे. त्यात आरोपी कोण, आरोप काय, निकाल काय, अपिलात काय बदलले हे थोडक्यात आणि नेमके दिलेले असते.

साक्षींचे उतारे हा या दप्तराचा गाभा आहे. जिल्हा न्यायालयात स्टेनो म्हणून नोकरी केलेल्या माणसाला त्यांचे मोल सांगावे लागत नाही. आपल्याकडे साक्षीदार जे बोलतो ते बहुधा जसेच्या तसे कागदावर उतरत नाही. न्यायाधीश त्याचा आशय सांगतात आणि तो आम्ही टंकित करत असतो. साक्षीदार अडखळला, त्याने प्रश्नच उलटा विचारला, वकिलाने त्याला तोडले, हे सारे त्या गोषवाऱ्यात विरून जाते. हेगच्या उताऱ्यांत ते विरत नाही. दुभाषी मध्येच साक्षीदाराला सावकाश बोलण्याची विनंती करतो, न्यायाधीश पाणी देण्यास सांगतात, वकील पुराव्याचा क्रमांक चुकवतो आणि क्षमा मागतो. हे सर्व ओळीओळीने नोंदलेले आहे. ज्या साक्षीदाराला संरक्षण दिले त्याच्या नावाऐवजी एक अक्षर येते, आणि जो भाग बंद दाराआड घेतला गेला तेथे पाने वगळल्याची सूचना येते. काही खटल्यांत अशी वगळलेली पाने इतकी आहेत की वाचकाचा धागा तुटतो, पण त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपला नाही. त्या साक्षीदारांना परत त्याच गावांत राहायला जायचे होते.

नव्या वाचकाने द्राझेन एर्देमोविच याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. हा बोस्नियन सर्ब सैन्यातील एका घातपाती तुकडीतला शिपाई, स्वतः क्रोएट. 16 जुलै 1995 रोजी पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्साहून बसगाड्यांतून आणलेल्या बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) पुरुषांना ब्रान्येवो येथील शेतावर गोळ्या घातल्या गेल्या, त्या पथकात तो होता. तेथे सुमारे 1,200 माणसे मारली गेली. त्या घटनेबद्दल त्याच्याविरुद्ध कोणाकडेही पुरावा नव्हता. त्याने स्वतःच ती सांगितली आणि मे 1996 मध्ये गुन्हा कबूल केला. आपण आधी नकार दिला होता, पण तसे असेल तर तू त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहा असे आपल्याला सुनावले गेले, हे त्याचे म्हणणे न्यायाधीशांनी तपासले. जिवाच्या भीतीने निरपराध माणसाला मारणे क्षम्य ठरते का, या प्रश्नावर अपिलाच्या न्यायाधीशांत मतभेद झाले, आणि ती मतभिन्नतेची पत्रेही दप्तरात आहेत. शेवटी 1998 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. बाराशे माणसांच्या कत्तलीत भाग घेतल्याबद्दल पाच वर्षे, हे वाचून कोणाचेही रक्त उसळेल. परंतु पुढे बोस्नियन सर्ब सैन्यातील जनरल रादिस्लाव क्रस्तिच आणि इतर वरिष्ठांच्या खटल्यांत याच माणसाच्या साक्षीने साखळीतला अत्यावश्यक दुवा जोडला, आणि ब्रान्येवो नावाची जागा जगाला ठाऊक झाली ती त्याच्यामुळे. न्याय आणि शांतता यांच्यात घासाघीस चालते असे म्हणतात. येथे ती घासाघीस न्याय आणि सत्य यांच्यातच झालेली दिसते, आणि तीही लपवून ठेवलेली नाही.

क्रस्तिच यांच्यावरील 2 ऑगस्ट 2001 चे निकालपत्र हे या संपूर्ण संग्रहातील सर्वांत वाचनीय कागदपत्र आहे, असे माझे मत आहे. स्रेब्रेनित्सात जे घडले ते वंशसंहार होते, हा या न्यायाधिकरणाचा पहिला निष्कर्ष त्यात आहे. 2004 मध्ये अपिलात क्रस्तिच यांची जबाबदारी साहाय्य करण्यापुरती मर्यादित मानून शिक्षा 46 वर्षांवरून 35 वर्षांवर आणली गेली, पण वंशसंहाराचा निष्कर्ष कायम राहिला. या निकालपत्रातील थडग्यांविषयीचे प्रकरण मुद्दाम वाचावे. मारेकऱ्यांनी 1995 च्या शरद ऋतूत यंत्रे लावून सामुदायिक थडगी उकरली आणि अवशेष दूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन पुरले. कोझ्लुक येथे बाटल्या भरण्याच्या कारखान्याजवळ जे मूळ थडगे होते, त्यात फुटकी हिरवी काच आणि बाटल्यांची लेबले मिसळली होती. तीच काच आणि तीच लेबले चान्चारी रस्त्यावरच्या दुय्यम थडग्यात सापडली, आणि दोन खड्ड्यांचे नाते सिद्ध झाले. डोळ्यांवरच्या पट्ट्या, हात बांधलेल्या दोऱ्या, मातीचे नमुने, काडतुसांच्या पुंगळ्या, आकाशातून घेतलेली उकरलेल्या जमिनीची छायाचित्रे, हे सर्व एकावर एक रचत न्यायाधीश ज्या संयमाने पुढे जातात, तो संयम एखाद्या वक्त्याच्या आवेशाहून अधिक परिणाम करतो. ‘ते लढाईत मेले’ असे म्हणणाऱ्याला या प्रकरणानंतर पट्ट्यांचे काय ते सांगावे लागते.

इथवर सेवेचे गुण झाले. तिचा सर्वांत मोठा दोष भाषेचा आहे, आणि तो किरकोळ नाही. न्यायाधिकरणाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच होत्या. साक्षीदार बोलत ती भाषा, जिला तेथे बोस्नियन-क्रोएशियन-सर्बियन असे जोडनाव दिले गेले, ध्वनिमुद्रणात उपलब्ध आहे, पण शब्दशः उतारे कामकाजाच्या दोन भाषांतच तयार झाले. निकालपत्रांची स्थानिक भाषेतील भाषांतरे आली, तीही पुष्कळदा निकालानंतर बऱ्याच काळाने. काही महत्त्वाच्या खटल्यांचे स्थानिक भाषेतले उतारे छापून लोकांपुढे ठेवण्याचे काम बेलग्रेडमधील मानवतावादी कायदा केंद्रासारख्या बिनसरकारी संस्थेला करावे लागले. महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांत साक्ष मराठीत नोंदवतात, साक्षीदाराला ती वाचून दाखवतात, आणि ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असा शेरा पडल्यावरच त्याची सही घेतात. गोषवाऱ्याचे सगळे दोष असूनही त्या कागदावर साक्षीदाराचा हक्क राहतो. हेगच्या 25 लाख पानांत सगळे काही शब्दशः आहे, पण बोस्नियातल्या फोचा गावच्या एखाद्या बाईला स्वतःची साक्ष स्वतःच्या भाषेत वाचायची असेल, तर तिला यंत्राचा आवाज लावून ऐकत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

लोकांपर्यंत पोचण्याचे भान न्यायाधिकरणाला उशिरा आले. जनसंपर्काचा कार्यक्रम 1999 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सहा वर्षांनी सुरू झाला आणि तोही नियमित अर्थसंकल्पातून न चालता मुख्यतः देणग्यांवर चालला. तोपर्यंत सर्बियातल्या, क्रोएशियातल्या आणि बोस्नियातल्या दूरचित्रवाहिन्यांनी आपापल्या प्रेक्षकांना हेग म्हणजे काय ते समजावून सांगितलेले होते, आणि प्रत्येक बाजूने सांगितलेली गोष्ट एकच होती: हे न्यायालय आपल्याविरुद्ध आहे. सुनावण्या अर्ध्या तासाच्या विलंबाने प्रक्षेपित होत, म्हणजे संरक्षित नाव चुकून उच्चारले गेले तर ते गाळता येई. ही सोय उत्तम होती. पण तासन्‌तास चालणाऱ्या उलटतपासणीतून सत्य वेचून घेण्याइतका वेळ कोणत्या नोकरदाराला असतो?

एकदा मात्र ही सेवा घराघरांत पोचली, आणि ती कशी पोचली हे पाहण्यासारखे आहे. 1 जून 2005 रोजी सर्बियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांच्या खटल्यात अभियोग पक्षाने एक चित्रफीत दाखवली. ‘स्कॉर्पियन’ नावाच्या सर्ब निमलष्करी तुकडीने स्रेब्रेनित्साच्या सहा बंदी मुलांना व तरुणांना त्र्नोव्होजवळ नेऊन ठार केल्याचे त्यात दिसत होते, आणि चित्रण मारेकऱ्यांनी स्वतःच केलेले होते. ती फीत मिळवली होती बेलग्रेडच्या नाताशा कांदिच यांनी. काही तासांतच ती सर्बियाच्या दूरचित्रवाहिन्यांवर दिसली, काही दिवसांतच तुकडीतले लोक पकडले गेले, आणि 2007 मध्ये बेलग्रेडच्याच न्यायालयाने त्यांना शिक्षा केल्या. निकालपत्राच्या शेकडो पानांनी जे झाले नाही ते काही मिनिटांच्या चित्रणाने केले, कारण त्यात बोलणारी माणसे प्रेक्षकांच्या ओळखीच्या भाषेत बोलत होती आणि दुभाष्याची गरज नव्हती.

आता सनदेतल्या आश्वासनाकडे वळू. गुन्हेगारांना जरब बसेल आणि युद्ध आवरेल ही अपेक्षा फोल ठरली, हे निःसंदिग्धपणे म्हणावे लागेल. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य युगोस्लाव्हियात 1992 च्या मार्चमध्येच उतरले होते, आणि त्याचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फंट्रीतून पुढे आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. सैनिक होते, पण राखण्याजोगी शांतताच नव्हती. ज्या राष्ट्रांना अधिक सैन्य पाठवायचे नव्हते त्यांनी 1993 मध्ये न्यायालय पाठवले, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती पुरती खोटी नव्हती. न्यायाधिकरण स्थापन झाल्यानंतर दोन वर्षांनी, ते चालू असताना, स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक माणसे मारली गेली. जरब बसवण्याच्या कसोटीवर या सेवेला गुण देता येत नाहीत.

परंतु उलट बाजूचा आक्षेप, म्हणजे खटल्यांमुळे शांतता बिघडते, हाही बोस्नियात टिकला नाही. बोस्नियन सर्बांचे नेते कराजिच आणि त्यांचे सेनापती म्लादिच यांच्यावर 1995 च्या जुलैत आरोपपत्र आले तेव्हा वाटाघाटी आता कोणाशी करायच्या, असा सूर मुत्सद्द्यांनी लावला होता. प्रत्यक्षात त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत ओहायोतील डेटनच्या हवाई तळावर शांतता करार झाला. आरोपी असल्यामुळे ते दोघे तेथे येऊ शकले नाहीत, बोस्नियन सर्बांच्या वतीने मिलोशेविच बोलले, आणि ज्यांच्याशी समोरासमोर बसायला सारायेव्होचे प्रतिनिधी तयार झाले नसते ती माणसे खोलीबाहेर राहिल्याने करार सोपाच झाला. न्यायाधिकरणासमोर हजर न होणाऱ्या आरोपीला सार्वजनिक पद धारण करता येणार नाही, असे कलम बोस्नियाच्या नव्या राज्यघटनेतच घातले गेले. त्यानंतर दीड वर्ष नाटोच्या सैन्याने आरोपींना हात लावायचे टाळले, कारण अटका केल्यास शांतता ढासळेल अशी भीती होती. 10 जुलै 1997 रोजी ब्रिटिश सैनिकांनी वायव्य बोस्नियातील प्रियेदोरमध्ये पहिली मोठी कारवाई केली. एक आरोपी पकडला गेला आणि माजी पोलीसप्रमुख सिमो द्रल्याचा प्रतिकार करताना ठार झाला. ज्या भडक्याची धास्ती होती तो उडाला नाही.

प्रियेदोरचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 1992 च्या मे महिन्याच्या अखेरीस या शहरात सर्बेतरांना घरांवर पांढऱ्या चादरी लावण्याचा आणि दंडावर पांढऱ्या फिती बांधण्याचा हुकूम झाला. त्यानंतर ओमार्स्का, केरातेर्म आणि त्र्नोपोल्ये येथील छावण्या भरल्या. जवळचे कोझारात्स हे गाव जवळपास पुसून टाकले गेले. तेथील लोक 1990 च्या दशकाच्या अखेरीस परतू लागले आणि सर्ब प्रजासत्ताकातील, म्हणजे बोस्नियाच्याच सर्बबहुल स्वायत्त भागातील, बोस्नियाकांच्या पुनरागमनाचे ते ठळक उदाहरण ठरले. घरे उभारायला परदेशस्थ नातलगांचा पैसा कामी आला हे खरेच. पण ज्याने आपल्या मुलाला छावणीत नेले तोच अजून पोलीस ठाण्यात खुर्चीवर बसलेला आहे, अशी स्थिती असताना कोण माणूस परत येईल? खटल्यांनी तेथे मने जोडली असे कोणी म्हणू नये. त्यांनी त्या खुर्च्या रिकाम्या केल्या. शांतता टिकवण्याच्या संदर्भात या सेवेने खरोखर काय पुरवले, असे मला विचाराल तर माझे उत्तर हेच आहे, आणि ते सनदेतल्या आश्वासनापेक्षा लहान असले तरी पोकळ नाही.

त्याच प्रियेदोरमध्ये याची दुसरी बाजूही दिसते. ओमार्स्का छावणीविषयी 2001 मध्ये लागलेला निकाल दप्तरात आहे. छावणीतल्या ‘पांढरे घर’ म्हणवल्या जाणाऱ्या इमारतीत काय होत असे, कोण कोणाला नावाने बाहेर बोलावून नेत असे, सगळे आहे. ती छावणी म्हणजे लोखंडाच्या खाणीचे आवार. 2004 मध्ये ही खाण लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाकडे आली. आपल्याकडच्या वृत्तपत्रांतून त्यांच्या पोलाद साम्राज्याच्या बातम्या तेव्हा कौतुकाने छापल्या जात, त्यांत या आवाराचा उल्लेख असल्याचे मला आठवत नाही. 2005 च्या अखेरीस तेथे स्मारक करण्याची घोषणा झाली आणि स्थानिक विरोधामुळे ती पुढे थांबली. न्यायालयाने सिद्ध मानलेली गोष्ट जिथे घडली त्याच जागी सांगता येत नाही, ही या शांततेची मर्यादा आहे.

विरुद्ध पुराव्यातही वजनदार गोष्टी आहेत. सर्बियाचे पंतप्रधान झोरान जिंजिच यांनी 28 जून 2001 रोजी मिलोशेविच यांना हेगला पाठवले. दुसऱ्याच दिवशी सर्बियासाठी देणगीदार राष्ट्रांची परिषद भरायची होती, त्यामुळे न्यायाला पैशाचा वास येतो असे लोकांनी म्हटले. 12 मार्च 2003 रोजी जिंजिच यांची हत्या झाली. मारेकऱ्यांचे धागे ज्या विशेष पोलीस दलापर्यंत गेले, त्याने हेगसाठी होणाऱ्या अटकांविरुद्ध 2001 मध्येच बंड केले होते. संघटित गुन्हेगारीचे इतर हितसंबंधही त्यात होते, तरी त्या देशाला नवी दिशा देऊ पाहणारा नेता गेला, ही किंमत हिशेबात धरावीच लागते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्बियाच्या संसदेची निवडणूक झाली आणि ज्या कट्टर राष्ट्रवादी पक्षाचे नेते शेशेल हेगच्या कोठडीत होते, त्याला सर्वाधिक जागा मिळाल्या. मिलोशेविच यांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडत न्यायालयाचे व्यासपीठ केले आणि 11 मार्च 2006 रोजी निकाल लागण्याआधीच त्यांचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा चार वर्षांच्या साक्षींना निष्कर्षाची ओळच मिळाली नाही. बोस्नियाबाहेर पाहिले तर युगांडाचे उदाहरण आक्षेपकांच्या अधिक उपयोगाचे आहे. दुसऱ्या एका न्यायालयाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने, 2005 मध्ये तेथील बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्यावर वॉरंट काढले. त्यानंतर दक्षिण सुदानातील जुबा येथे वाटाघाटी झाल्या, पण 2008 मध्ये अंतिम करारावर सही करायला तो आलाच नाही. मात्र त्याला वाटाघाटीच्या मेजापर्यंत आणण्यात त्याच वॉरंटाचा हात होता, असे मानणारेही आहेत. फरक मला एवढाच दिसतो की, बोस्नियात करार अमलात आणायला साठ हजारांचे सैन्य उतरले होते, आणि कोनीच्या जंगलात तसे कोणी नव्हते.

शिक्षा संपवून परतलेल्यांच्या स्वागताच्या बातम्या दप्तरात नाहीत, पण दप्तर वाचणाऱ्याने त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. बोस्नियन सर्ब नेत्या बिल्याना प्लावशिच यांनी 2002 मध्ये गुन्हा कबूल करून केलेले पश्चात्तापाचे निवेदन जुन्या संकेतस्थळावर आहे. ते वाचताना क्षणभर वाटते की, हे न्यायालय ज्यासाठी होते ते हेच. पुढे त्यांनी ती कबुली म्हणजे तडजोड होती असे सांगितले, आणि 2009 मध्ये सुटका झाल्यावर त्या सर्ब प्रजासत्ताकाच्या सरकारी विमानातून बेलग्रेडला परतल्या. बोस्नियन सर्ब नेते क्रायिश्निक यांचे पालेमध्ये, बोस्नियन क्रोएट नेते कोर्दिच यांचे झाग्रेबच्या विमानतळावर आणि सर्ब जनरल लाझारेविच यांचे सर्बियात असेच स्वागत झाले. दोनतृतीयांश शिक्षा भोगल्यावर सोडून देण्याची प्रथा पडली होती, आणि सुटणाऱ्याने काही मान्य करावे अशी खरी अट बराच काळ नव्हती. अलीकडे ती कसोटी कडक झाली आहे. क्रस्तिच यांनी 2024 मध्ये स्रेब्रेनित्सातील वंशसंहार मान्य करणारे पत्र लिहूनही त्यांचा अर्ज फेटाळला गेला. हे शहाणपण वीस वर्षे आधी यायला हवे होते.

आणि तरीही नोंदीचे मोल कमी लेखता येत नाही, याला एक पुरावा आहे. 2004 मध्ये सर्ब प्रजासत्ताकाच्याच आयोगाने स्रेब्रेनित्साविषयी अहवाल दिला आणि तेथील अध्यक्ष द्रागान चाविच यांनी दूरचित्रवाणीवरून त्या घटनेची जाहीर कबुली दिली. क्रस्तिच निकालानंतरच्या वातावरणात आणि बाहेरच्या दबावाखाली हे घडले. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याच प्रजासत्ताकाच्या विधिमंडळाने तो अहवाल नाकारला. राजकीय कबुली एका ठरावाने मागे घेता आली. कोझ्लुकच्या काचेचा पुरावा कोणत्याही विधिमंडळाला मागे घेता येत नाही. त्यामुळे नाकारणाऱ्यांना आता घटना घडलीच नाही असे म्हणण्याऐवजी न्यायालयच पक्षपाती आहे असे म्हणावे लागते. यात समेट नाही, पण वादाची जागा सरकली आहे. क्रोएशियाचे जनरल गोतोविना यांना 2011 मध्ये 24 वर्षांची शिक्षा होऊन 2012 मध्ये अपिलात निर्दोष सोडले गेले, तेव्हा पक्षपाताच्या आरोपाला न्यायाधिकरणाने स्वतःच हवा दिली, हेही नमूद करायला हवे. त्या अपिलाचा निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला, आणि दोन न्यायाधीशांची कडक शब्दांतली भिन्न मतपत्रे कोणालाही उघडून वाचता येतात.

वापरणाऱ्यांसाठी काही सूचना. मिलोशेविच खटल्याने सुरुवात करू नये. तो अफाट आहे, विस्कळीत आहे आणि अपुरा आहे. आधी क्रस्तिच यांचे माहितीपत्रक, मग निकालपत्रातील तथ्यांचा भाग, मग एर्देमोविचची त्या खटल्यातील साक्ष, हा क्रम बरा. कुनारात्स खटल्याचा 2001 चा निकाल, ज्यात फोचा येथील बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले गेले, तो कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी सोडू नये, पण तो वर्गात वाचायला देण्यापूर्वी स्वतः वाचावा. इंग्रजी येत असलेल्या मराठी वाचकाला भाषेची अडचण पडणार नाही. शोधयंत्र कुचकामी नाही, हट्टी आहे. खटल्याचा क्रमांक आणि सुनावणीची तारीख हाताशी ठेवली की ते ऐकते. चित्रफिती पाहायच्या असतील तर जेथे पर्याय दिला आहे तेथे मूळ भाषेचा ध्वनिमार्ग निवडावा आणि इंग्रजी उतारा शेजारी उघडून ठेवावा. काम दुप्पट वेळ घेते, पण दुभाष्याच्या सपाट आवाजात जे प्रश्न उद्धट वाटतात ते मुळात तसे नव्हते, आणि जी उत्तरे थंड वाटतात तीही तशी नव्हती, हे त्यावाचून कळत नाही.